आपफेलक्युशले: दक्षिण जर्मनीतलं तुपात तळलेलं सफरचंद

नेकारकाठ:

पाककृतींच्या विभागात जर्मनी शोधलं की ब्लॅक फॉरेस्ट केक आणि प्रेत्सेल यांपुढे गाडी सरकत नाही. दक्षिण जर्मनीत घरोघरी जे होतं त्याचं नावही इथे सापडलं नाही, म्हणून हा धागा काढतेय. सफरचंदाच्या गोल चकत्या पिठात बुडवून तुपात तळायच्या आणि गरम असतानाच दालचिनी-साखरेत घोळवायच्या, इतका साधा प्रकार. श्वाबेन, आल्गॉय, बायर्न (म्हणजे बव्हेरिया), फ्रांकेन, सगळीकडे थोड्याफार फरकाने हाच. ऑस्ट्रियात, स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषक भागात आणि इटलीतल्या दक्षिण टिरोलमध्येही तो तितकाच घरचा आहे.

हे गोड असलं तरी इथे जेवण म्हणून खातात, आणि मला या पदार्थाचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य तेच वाटतं. कॅथलिक घरांत शुक्रवारी मांस नसायचं. मग मासे, नाहीतर पिठाचे पदार्थ. आधी बटाट्याचं सूप, त्यामागून ताट भरून आपफेलक्युशले, की दुपारचं जेवण झालं. धर्म पाळणारे कमी झाले तरी सवय टिकली. आजही कितीतरी कचेऱ्यांच्या आणि विद्यापीठांच्या कँटीनमध्ये शुक्रवारी एक गोड मुख्य पदार्थ असतो.

चौघांसाठी चार मध्यम, आंबट सफरचंदं घ्या. पिठाला 200 ग्रॅम मैदा, 200 मिली दूध, 3 अंडी, चिमूटभर मीठ आणि एक चमचा साखर. साखर याहून जास्त घालू नका. पिठात साखर वाढली की वरचं आवरण लवकर काळपटतं आणि आतलं सफरचंद कच्चंच राहतं.

मैद्यात मीठ, साखर, दूध आणि अंड्यांचे पिवळे बलक घालून गुठळ्या मोडेपर्यंत फेटा आणि अर्धा तास झाकून ठेवा. मैदा दूध शोषतो, पीठ थोडं आळतं. पांढरे बलक वेगळे ताठ फेटायचे आणि अगदी तळायच्या वेळी हलक्या हाताने मिसळायचे. पीठ कांदाभज्यांच्या पिठाहून सैल हवं, पण चकतीवरून पार ओघळून जाता कामा नये.

सफरचंदाचा गाभा अख्ख्या फळातून आधी काढायचा, मग साल, मग साधारण 1 सेंटिमीटर जाडीच्या चकत्या. सोललेलं फळ हातात घसरतं आणि गाभा मधोमध निघत नाही, म्हणून हा क्रम. गाभा काढायची नळी नसेल तर आधी चकत्या करा आणि छोट्या बाटलीच्या झाकणाने मधला भाग कापून काढा. चकत्यांना लिंबाचा रस लावून ठेवा. पिठात बुडवण्याआधी त्या कोरड्या टिपायला विसरू नका.

तूप 170 ते 175 अंशांवर हवं. थर्मामीटर नसेल तर लाकडी चमच्याचा दांडा तुपात बुडवा. त्याच्याभोवती बारीक बुडबुडे भराभर वर यायला लागले की चकत्या सोडा. प्रत्येक बाजू दोन-तीन मिनिटं, छान तांबूस होईपर्यंत.

आमच्या घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि त्यांचं तळण बघत राहावं असं असतं. काट्याचं टोक चकतीच्या भोकात घालून ती पिठात दोन्ही बाजूंनी फिरवतात, भांड्याच्या काठावर हलकेच आपटतात, जास्तीचं पीठ गळू देतात आणि मग तुपात सोडतात. भोक पिठाने बुजू देत नाहीत. तिथून तूप वर येतं आणि चकती आतल्या कडेनेही खरपूस होते. एका घाण्याला तीन किंवा चार, त्याहून जास्त कधीच नाही. शेजारी सूपच्या खोलगट ताटलीत दालचिनी-साखर तयार असते. आणि टेबलाशी सगळे बसल्याशिवाय त्या शेगडी पेटवत नाहीत, कारण हा पदार्थ थांबत नाही. दहा मिनिटांत सफरचंदाची वाफ आवरणात मुरते आणि कुरकुरीतपणा जातो.

सोबत व्हॅनिला सॉस देतात. दूध, अंड्याचे पिवळे बलक, साखर आणि व्हॅनिला यांचं पातळसर कस्टर्ड. हॉटेलात व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा मिळतो, तोही चांगलाच लागतो.

तळणवेडी:

धागा फार आवडला, आणि भोकाचं कारण तर अगदी पटलं. दोन शंका आहेत. पुण्यात सफरचंद कोणतं घ्यावं? इथे मिळतात ती बहुतेक गोडच असतात. दुसरं, मी अननसाच्या चकत्या अशाच तळते, तेव्हा आवरण सुटून कढईत वेगळं तरंगतं. ते टाळायचं कसं?

नेकारकाठ:

आवरण सुटतं ते ओलाव्यामुळे. फळाला पाणी सुटलेलं असलं की पीठ धरत नाही आणि तुपात गेल्यावर मधल्या पाण्याची वाफ होऊन आवरण उचललं जातं. चकत्या कापडाने टिपा आणि पिठात बुडवण्याआधी कोरड्या मैद्यात घोळवून झटका. चकत्यांवर आधी साखर भुरभुरून ठेवायची नाही, साखर पाणी ओढते. अननसाला मुळातच पाणी जास्त, तिथे कोरडा मैदा हवाच.

सफरचंदाचं म्हणाल तर इथे पहिली पसंती बोस्कोपला. जाड, खरखरीत, तपकिरी-हिरव्या सालीचं आणि चांगलं आंबट. मूळचं नेदरलँड्सचं, 1856 मध्ये बोस्कोप गावात मिळालं, पण जर्मन स्वयंपाकघराने ते केव्हाच आपलं करून टाकलं. शिजताना लवकर मऊ होतं, म्हणून त्याच्या चकत्या पातळ करायच्या नाहीत. एल्स्टार आणि ब्रेबर्नही चालतात, ती जरा घट्ट राहतात. पुण्यात हिरवं ग्रॅनी स्मिथ घ्या, कुठल्याही मोठ्या फळवाल्याकडे मिळतं. लाल डेलिशस मात्र नको. त्याला आंबटपणाच नाही, तळल्यावर नुसतं गुळमट लागतं.

ओवी_ठाणे:

आमच्याकडे अंडं चालत नाही. अंड्याशिवाय जमेल का, की नादच सोडावा?

इझारकर:

नाद सोडू नका, जमतं. मी म्युनिकला असतो, आमच्या घरी आई येते तेव्हा बिनअंड्याचंच होतं. दुधाऐवजी थंडगार सोडा घ्यायचा, म्हणजे साधं बुडबुड्यांचं पाणी. मैद्यात पाव भाग कॉर्नफ्लोअर आणि चिमूटभर बेकिंग पावडर. अंड्याच्या फेसाचं काम बुडबुडे करतात. हे पीठ मात्र मुरवत ठेवायचं नाही, कालवलं की लगेच तळायला घ्यायचं, नाहीतर हवा निघून जाते. आवरण अंड्यासारखं मऊ-फुगीर होत नाही, पातळ आणि जास्त कुरकुरीत होतं. मला स्वतःला तेच जास्त आवडतं.

बायर्नमध्ये दुधाऐवजी बीअर घालायची पद्धतही जुनी आहे, आणि द्राक्षं पिकणाऱ्या भागांत पांढरी वाइन. बीअरने पीठ हलकं होतं आणि माल्टमुळे रंग सुरेख येतो.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवा. पूर्वी असलं तळण डुकराच्या चरबीतही होत असे, आणि जत्रेतल्या किंवा ख्रिसमस बाजारातल्या टपरीवर कढईत काय आहे ते नुसतं बघून कळत नाही. सरळ विचारा. विचारलेलं कुणाला खटकत नाही.

सह्याद्री_ते_आल्प्स:

तुपाबद्दल जरा सविस्तर लिहाल का? आपल्याकडे तुपात तळणं म्हणजे सणासुदीचा खर्च. तेलात केलं तर काय बिघडतं?

नेकारकाठ:

बिघडत काही नाही. इथेही बरेच जण सूर्यफुलाच्या तेलात करतात. पण चव बदलते.

इथे त्याला बुटरश्माल्त्स म्हणतात. लोणी तापवून पाणी आणि दुधाचा साका काढून टाकलेला, 99.8 टक्के स्निग्धांश. म्हणजे आपलं तूपच, फक्त आपण बेरी खमंग होईपर्यंत कढवतो तसं ते कढवत नाहीत, त्यामुळे त्याला वास सौम्य असतो. साध्या लोण्यात तळता येत नाही, त्यात जवळजवळ सहावा भाग पाणी असतं आणि साका लगेच करपतो. तूप 200 अंशांपर्यंत धूर न करता तापतं, म्हणून 170 ला निर्धास्त तळता येतं. आल्प्सच्या पायथ्याशी गाई भरपूर आणि तेलबिया कमी, तेव्हा तळणाला जनावराचीच चरबी, मग ती दुधातली असो वा डुकराची.

खर्च वाचवायचा असेल तर कढई न घेता पसरट तव्यात बोटाच्या पेराएवढं तूप घ्या आणि चकत्या उलटून तळा. कितीतरी श्वाबियन घरांत असंच करतात. कडा थोड्या फिक्या राहतात, पण तुपाची चव पूर्ण मिळते. तेलात पूर्ण बुडवून तळण्यापेक्षा मी तुपात उथळ तळणंच पसंत करेन.

दापोलीचा:

दालचिनीबद्दल लिहितो, कारण इथे ती फोडणीत लपलेली नाही, थेट जिभेवर येते.

बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी जाड, कडक, एकाच थराची साल बहुतेक वेळा कॅशिया असते. खरी दालचिनी पातळ असते, कागदासारखे बरेच थर एकात एक गुंडाळलेले असतात आणि बोटांनी चुरता येते. कॅशियाचा तिखटपणा जास्त, खरीचा वास गोडसर आणि नाजूक. कॅशियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते जास्त प्रमाणात यकृताला चांगलं नाही. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन करणाऱ्या सरकारी संस्थेने 2006 मध्ये लोकांना याबद्दल सावध केलं होतं, कारण तिथे ख्रिसमसच्या दिवसांत दालचिनीचा खप फार. एखाद्या दिवशी खाल्ल्याने कुणाला काही होत नाही, पण लहान मुलांना वरचेवर देणार असाल तर खरी दालचिनी घ्या.

आणि ती आपल्याकडे पिकते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही जात दिलेली आहे आणि कोकणात नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून दालचिनी लावतात. थेट बागायतदाराकडून साल घ्या, घरी कुटा आणि लगेच वापरा. शंभर ग्रॅम साखरेला दोन छोटे चमचे पूड पुरते. साखर मिक्सरमधून एक फेर फिरवली तर चकतीला जास्त चांगली चिकटते.

तळणवेडी:

दापोलीकर, हे वाचून माझ्या डब्यातली साल काढून बघितली. एकच थर, जाड. पुढच्या कोकण फेरीत खरी आणते.

गोदाकाठची:

माझा भाऊ नाशिकला जर्मन शिकतोय. महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात 2024 मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाला, त्यानंतर आमच्या ओळखीतली बरीच मुलं तिकडे जायच्या तयारीला लागलीत. घरात चिंता एकच, हा खाणार काय? मांस खात नाही, अंडं खातो. कँटीनमध्ये गोड जेवण मिळतं हे वाचून आईला बरंच हायसं वाटलं. अजून काय सांगाल?

नेकारकाठ:

आईंना सांगा, उपाशी राहायची वेळ येत नाही. श्वाबेन तर पिठाच्या पदार्थांचाच प्रदेश आहे. चीज घातलेले श्पेट्झले (मैदा-अंड्याच्या पिठाचे उकडलेले बारीक तुकडे), बटाट्याचं सॅलड, मसुराची उसळ (सॉसेज न घालता मागावी लागते), पालक भरलेले माउलटाशन (सारण भरलेली पिठाची पाकिटं), जे मुळात मांसाचे असतात पण शाकाहारीही सर्रास मिळतात. गोडात काइझरश्मार्न (तव्यातच तुकडे केलेलं जाड गोड धिरडं), डाम्पफनुडेल (यीस्टच्या पिठाचे वाफवलेले गोळे), खीर आणि आपफेलक्युशले. सूपबद्दल मात्र विचारायला शिक म्हणावं. भाजीचं दिसलं तरी पाणी बऱ्याचदा मांसाचं असतं.

माझी एक इच्छा आहे. त्याने हे पदार्थ नुसते कँटीनमध्ये खाऊ नयेत, सोबत काम करणाऱ्यांना घरची कृती विचारावी. इथली माणसं पहिल्या भेटीत फार बोलत नाहीत, पण तुमची आजी हे कसं करायची असं विचारलं की अर्धा तास बोलतात.

इझारकर:

+१. आमच्याकडे ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी किर्शवाय असते, चर्चच्या वर्धापनाची जत्रा. त्या दिवसांत बायर्नमध्ये घरोघरी कढई चढते. मुख्य मान यीस्टच्या पिठाच्या, मधे पातळ आणि कडेला फुगलेल्या मोठ्या तळणीचा, पण सफरचंदंही नेमकी तेव्हाच उतरलेली असतात, म्हणून हेही होतंच.

जूनमध्ये एल्डरच्या झाडाचे पांढरे फुलांचे घोस याच पिठात बुडवून तळतात. देठ धरून घोस पिठात उलटा बुडवायचा, तसाच तुपात सोडायचा आणि खाताना जाड देठ टाकून द्यायचा, कारण हिरवा भाग पोटाला बाधतो. सेजची पानंही अशीच तळतात. एक पीठ जमलं की वर्षभर झाडावर जे येईल ते तळता येतं, हे मला या स्वयंपाकाचं फार आवडतं.

हेगहून:

नेदरलँड्समध्ये 31 डिसेंबरला हेच खातात. रस्त्यावर टपऱ्या लागतात, यीस्टच्या गोळ्यांच्या शेजारी सफरचंदाच्या तळलेल्या चकत्या, वर पिठीसाखर. तुमच्याकडे दालचिनी-साखरेत घोळवतात, इथे बहुतेक वरून पिठीसाखर भुरभुरतात. मला घोळवलेलं जास्त आवडतं, दाताखाली साखरेची कणी लागते.

केतकी_ब:

हे आणि श्ट्रुडेल एकच का?

इझारकर:

नाही. श्ट्रुडेल म्हणजे कागदासारख्या पातळ लाटलेल्या पोळीत सफरचंद, मनुका, ब्रेडचा चुरा गुंडाळून भट्टीत भाजतात. आणि सफरचंदाच्या फोडी पिठासकट तव्यावर ओतून केलेलं जाड धिरडं, तो आणखी तिसरा प्रकार. क्युशलेमध्ये चकती अख्खी राहिली पाहिजे.

नेकारकाठ:

कुणी विचारलेलं नाही, पण जिथून ही सफरचंदं येतात त्या जागेबद्दल लिहिल्याशिवाय मला हा धागा पुरा वाटणार नाही.

दुकानातली सफरचंदं बहुतेक बोडनसे सरोवराकाठच्या किंवा हांबुर्गजवळच्या आल्टेस लांडच्या बागांतून येतात. बुटकी झाडं, सरळ रांगा, बोडनसेकडे वर गारांपासून बचावाची जाळी. पण श्वाबियन डोंगररांगांच्या पायथ्याशी वेगळीच पद्धत आहे. गवताळ उतारावर दूर दूर लावलेली उंच खोडाची झाडं, सफरचंद, नासपती, चेरी, सगळं मिसळून. खाली गवत कापतात किंवा मेंढ्या चरतात. फवारणी जवळजवळ नाही. जुन्या पोकळ खोडांत सुतारपक्षी आणि पिंगळे राहतात. याला श्ट्रॉयओब्स्ट म्हणतात, आणि 2021 मध्ये जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत या पद्धतीची नोंद झाली. ब्रेटाखरसारख्या, दुकानात कधी न दिसणाऱ्या जाती इथेच टिकून आहेत. ब्रेटाखर हाइलब्रॉनजवळच्या ब्रेटाख गावचं, रसाळ, आंबट आणि हिवाळाभर टिकणारं. क्युशलेसाठी मला ते बोस्कोपहून सरस वाटतं.

ही कुरणं कमी होत चाललीत. झाडांची छाटणी कौशल्याची आणि कष्टाची, मालक म्हातारे, मुलं शहरात. छाटणी थांबली की बांडगुळ माजतं आणि झाड वाळतं. रसासाठी सफरचंदाला मिळणारा भाव इतका कमी की वेचायची मजुरीही सुटत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाडांखाली फळांचा सडा पडलेला बघवत नाही.

त्यावर इथे एक उपाय निघालाय. ज्यांना आपली फळं तोडायला जमत नाही ते झाडाला पिवळी फीत बांधतात. पिवळी फीत असली की कुणीही घरी खाण्यापुरती फळं न विचारता तोडावीत. फांद्या मोडायच्या नाहीत, गवत तुडवायचं नाही. दर शरदात आम्ही पिशव्या घेऊन जातो. डागाळलेली, किडीने टोचलेली, वेड्यावाकड्या आकाराची फळं असतात आणि चवीला दुकानातल्या कुठल्याही सफरचंदाच्या वरचढ. चांगली घडीव बघून क्युशलेला ठेवतो, बाकीची गावच्या गाळपघरात नेतो. तिथे आपल्याच फळांचा रस काढून, गरम करून, पिशवीत भरून देतात आणि तो वर्षभर टिकतो.

श्टुटगार्ट परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींना मनापासून सांगते, सुपरमार्केटच्या आधी हे उतार बघून या. एखाद्या फळबाग मंडळाची छाटणीची शिकवणी मिळाली तर तीही करा. हा पदार्थ त्या झाडांमुळे आहे, आणि ती झाडं राखणारे हात कमी पडतायत.

सह्याद्री_ते_आल्प्स:

मी कार्ल्सरूहला असतो, आणि रस्त्याने जाताना त्या पिवळ्या फिती कितीदा बघितल्यात. कारण आज कळलं. या रविवारीच निघतो.

ओवी_ठाणे:

काल संध्याकाळी केलं. ग्रॅनी स्मिथ, सोडा, कॉर्नफ्लोअर, उथळ तुपात. सासूबाईंनी पहिली चकती खाऊन दुसरी स्वतःच उचलली. आंबट फळ हवं म्हणता ते का, हे खाल्ल्यावर समजलं. वर साखर, आत आंबट, दोन्ही वेगवेगळं कळतं. आता दोन प्रश्न. उरलेल्या चकत्या परत गरम कशा करायच्या? आणि पीठ वाटीभर उरलंय, त्याचं काय करू?

नेकारकाठ:

वा, छान! चकत्या मायक्रोवेव्हमध्ये नको, चामट होतात. ओव्हनमध्ये 180 अंशांवर, जाळीवर ठेवून पाच-सात मिनिटं. पूर्वीइतक्या कुरकुरीत होणार नाहीत, पण खाण्याजोग्या होतील.

उरलेलं पीठ इथे कुणी टाकत नाही. थोडं दूध घालून सैल करायचं, तव्यावर पातळ धिरडी घालायची, गार झाली की गुंडाळी करून शेवयांसारख्या बारीक पट्ट्या कापायच्या. ताटलीत पट्ट्या, वरून भाज्यांचं गरम पाणी, थोडी चिरलेली चाइव्ह्ज. तुमच्याकडे कांद्याची पात चालेल. हे श्वाबेनचं फ्लेडलेसूप. तुमच्या पिठात अंडं नाही, म्हणून धिरडी जरा जाडसर घाला, पातळ केली तर उलटताना फाटतील.